छपरावरचा पाऊस झोपवतो, बादलीतला थेंब जागे ठेवतो

गळक्या घरात पावसाळ्याची रात्र काढलेल्या प्रत्येकाला एक कोडे पडलेले असते. छपरावर असंख्य थेंब एकाच वेळी कोसळत असतात, शेजारी बसलेल्याशी बोलायचे तरी आवाज चढवावा लागतो, आणि तरीही त्या आवाजात घरातली माणसे गाढ झोपतात. मात्र सरकलेल्या कौलातून गळणारा एकच थेंब खाली ठेवलेल्या बादलीत पडू लागला की डोळ्याला डोळा लागत नाही. पाणी तेच आणि रात्रही तीच असते. शिवाय झोपमोड करणारा आवाज त्या दोहोंतला कितीतरी लहान असतो. झोप लागावी म्हणून मोबाइलवर पावसाचा आवाज लावून ठेवणाऱ्यांची संख्या आज मोठी आहे. त्या उपायाचा उपयोग नेमका कशामुळे होतो आणि कोठे होत नाही, हे समजून घेण्यासाठी या कोड्यापासूनच सुरुवात करणे सोयीचे आहे.

प्रथम बादलीतला थेंब पाहू. केंब्रिज विद्यापीठातील अभियंते अनुराग अगरवाल यांना एका मित्राच्या घरी मुक्काम असताना अशाच गळतीच्या आवाजाने जागे ठेवले, आणि त्या रात्रीच्या कुतूहलातून सुरू झालेले संशोधन त्यांनी सहकाऱ्यांसह २०१८ साली प्रसिद्ध केले. अतिवेगवान कॅमेरा आणि पाण्याखालचा मायक्रोफोन वापरून त्यांनी दाखवले की थेंब पाण्यावर आपटण्याचा स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच. थेंबामुळे पृष्ठभागावर खळगा पडतो, तो मिटताना त्याच्या तळाशी हवेचा एक बारीक बुडबुडा अडकतो, आणि हा बुडबुडा कंप पावू लागला की वरचा पृष्ठभागही थरथरून तो ‘टप्’ आवाज हवेत पोहोचवतो. म्हणजे प्रत्येक थेंब एक स्वतंत्र, ठाशीव सूर काढतो. त्याच्या आधी शांतता असते, नंतरही शांतता असते, आणि त्या शांततेत आपण नकळत पुढच्या थेंबाची वाट पाहत राहतो.

छपरावर पडणाऱ्या पावसातही थेंब सुटेच असतात. पावसाच्या थेंबाचा व्यास साधारण अर्ध्या मिलिमीटरपासून पाच-सहा मिलिमीटरपर्यंत असतो, मोठा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने खाली येतो, आणि प्रत्येकाचा आघात वेगळा असतो. परंतु एका क्षणात असे शेकडो आघात झाले, आणि त्यांतला कोणताही दुसऱ्याची वेळ पाहून पडत नसला, की त्यांची बेरीज आश्चर्यकारकरीत्या स्थिर होते. लग्नाच्या मांडवात एक माणूस बोलत असेल तर त्याचे शब्द कानात शिरतात, पाचशे माणसे बोलू लागली की शब्द नाहीसे होतात आणि नुसता गलका उरतो. पावसाचेही तसेच घडते. संततधारेचा आवाज मोठा असला तरी त्यात पुढच्या क्षणी काय होईल याविषयी काहीच प्रश्न उरत नाही.

झोपेतल्या मेंदूला नेमका हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत; झोपेतही कान ऐकत असतात आणि मेंदू ऐकलेले चाळत असतो. इयन ऑस्वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली झोपलेल्या माणसांना नावांची यादी ऐकवली, तेव्हा इतर नावांपेक्षा स्वतःच्या नावाला त्यांच्या मेंदूच्या विद्युतलहरींत अधिक ठळक प्रतिसाद उमटला. बाहेर रहदारी सुरू असताना शांत झोपलेली आई बाळाच्या बारीकशा कुरकुरीने उठते, तेही यामुळेच. या चाळणीचे मोठे काम मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस या भागात होते. हलक्या झोपेत विद्युतलहरींमध्ये साधारण अर्धा ते दोन सेकंद टिकणारे स्पंदनांचे झुबके दिसतात, त्यांना स्लीप स्पिंडल म्हणतात, आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की शांत रात्री ज्यांच्या मेंदूत असे झुबके अधिक उमटतात, त्यांची झोप दुसऱ्या रात्री गोंगाटातही सहजासहजी मोडत नाही. एकाच खोलीत एकाची झोप पेल्याच्या आवाजाने चाळवते आणि दुसरा सनई-चौघड्यातही घोरत पडतो, यात स्वभावाचा दोष नसून मेंदूच्या घडणीचा मोठा भाग असतो, एवढे तरी यावरून कुटुंबीयांनी मान्य करावे.

बदल झाला की दखल घ्यायची आणि बदल नसला की दुर्लक्ष करायचे, अशी ही चाळणी आहे. म्हणून मेंदूला जागे करण्यात आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो भोवतालच्या पातळीपेक्षा किती वर उसळला याचा वाटा अधिक असतो. डेसिबल ही मोजपट्टी नेहमीच्या पट्टीसारखी नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. समजा, खोलीत रात्री ३० डेसिबलची शांतता आहे आणि रस्त्यावरच्या हॉर्नचा आवाज खिडकीतून आत येईपर्यंत ६० डेसिबल उरला आहे. उसळी ३० डेसिबलची, म्हणजे ऊर्जेत हजारपट झाली. आता त्याच खोलीत ४८ डेसिबलचा पाऊस असेल तर हॉर्न ६० डेसिबलचाच राहील, पण उसळी १२ डेसिबलची, म्हणजे सुमारे सोळापट उरेल. पावसाने हॉर्नचा आवाज कमी केलेला नसतो. पाण्याची पातळी वाढली की नदीतला खडक जसा बुडत जातो, तसा त्याने हॉर्न बुडवत आणलेला असतो.

ही केवळ कल्पना नाही. रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील गोंगाटाचे ध्वनिमुद्रण झोपलेल्या निरोगी लोकांना ऐकवून २००५ साली एक प्रयोग झाला होता. नेहमीच्या रात्री तासाला सुमारे १३ वेळा त्यांची झोप क्षणभर चाळवत होती, गोंगाटात ती सुमारे ४८ वेळा चाळवू लागली, आणि त्याच गोंगाटाखाली एकसारखा व्हाइट नॉइज लावल्यावर हा आकडा सुमारे १६ वर आला. आवाजात भर घातल्याने झोप सुधारली, हे ऐकायला विचित्र वाटते; पण झोपमोड उसळीमुळे होते हे एकदा लक्षात घेतले की त्यात विचित्र काही राहत नाही. प्रयोगात मूठभरच माणसे होती, हे मात्र विसरता कामा नये.

या व्हाइट नॉइजचा आणि पावसाचा संबंध काय, हेही पाहायला हवे, कारण मोबाइलवरच्या ॲपमध्ये हे शब्द सर्रास आणि पुष्कळदा चुकीचे वापरलेले असतात. जुन्या टीव्हीवर केंद्र बंद झाले की पडद्यावर मुंग्या येत आणि जी खरखर ऐकू येई, ती व्हाइट नॉइजच्या जवळची होती. त्यात खालच्या खर्जापासून वरच्या तीव्र स्वरांपर्यंत प्रत्येक कंपनसंख्येला सारखीच ऊर्जा असते, आणि उच्च सप्तकांत कंपनसंख्यांची गर्दी अधिक असल्यामुळे कानाला तो आवाज बोचरा लागतो. पिंक नॉइजमध्ये प्रत्येक सप्तकाच्या वाट्याला सारखी ऊर्जा येते, त्यामुळे तो मऊ वाटतो. ब्राउन नॉइजमध्ये खर्ज आणखी भारी असतो, आणि त्याचे नाव तपकिरी रंगावरून नव्हे, तर सूक्ष्म कणांच्या अखंड हालचालीचे १८२७ साली निरीक्षण करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांच्यावरून पडले आहे. पाऊस यांपैकी कोणत्याही एका साच्यात बसत नाही. पत्र्यावर पडला तर तो ताशासारखा कडकडतो, कौलांवर पडला तर आवाज बसका होतो, झाडीत पडला तर त्याला सळसळ येते, आणि दूरवर पडणारा मोठा पाऊस ब्राउन नॉइजसारखा घुमतो.

म्हणून ‘पावसाचा आवाज’ असे एकच नाव पुरेसे नाही, आणि येथे मराठीने आपल्याला आयतीच वर्गवारी देऊन ठेवली आहे. वळीव झोपेसाठी निरुपयोगी आहे, कारण त्याचा स्वभावच अचानकपणाचा आहे. वारा सुटतो, गडगडाट होतो, मोठमोठे थेंब तडतडतात आणि थोड्याच वेळात सगळे थांबते. ढगांच्या गडगडाटासह मुद्रित केलेले पाऊस लोकांना फार आवडतात, जागेपणी ते खरोखरच सुंदर वाटतात, पण प्रत्येक गडगडाट ही एक उसळी असते आणि जी उसळी बुडवायची तीच आपण विकत घेतलेली असते. सरींचा पाऊस येतो आणि जातो, म्हणून तोही दुय्यम ठरतो. पाऊस ओसरल्यानंतर पागोळ्यांतून गळणारे पाणी ऐकायला गोड असले तरी त्यात थेंब सुटे होऊ लागतात आणि आपण पुन्हा बादलीपाशी येतो. झोपेला हवी असते ती संततधार, झड लागल्यावरची, दिवसभर एकाच लयीत पडणारी; तीही शक्यतो पत्र्यावरची नसावी, तर अंगणातल्या मातीवर किंवा झाडीवर पडणारी असावी.

पावसाला कोणत्या आवाजांपुढे हात टेकावे लागतात, हेही सांगायला हवे. एखादा आवाज झाकण्यासाठी त्याच्याच आसपासच्या कंपनसंख्यांत पुरेशी ऊर्जा असावी लागते. पावसाची बरीचशी ऊर्जा मधल्या आणि वरच्या पट्टीत असते, म्हणून शेजारच्यांची कुजबुज, भांड्यांचा खणखणाट, कुत्र्यांचे दुरून येणारे भुंकणे, लिफ्टच्या दाराचा आवाज यांच्यावर तो चांगला चालतो. पण वरच्या मजल्यावर ओढले जाणारे फर्निचर, शेजारच्या उशीवरचे घोरणे आणि मिरवणुकीतल्या डीजेचा छातीत बसणारा ठोका हे खर्जातले आवाज आहेत; ते भिंतींनाही फारसे जुमानत नाहीत. पावसाने त्यांना झाकायचे म्हणून आवाज वाढवत गेल्यास ठोका ऐकू येतच राहतो आणि वर पावसाचाच त्रास होऊ लागतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळली जावी यासाठी तक्रार करणे हा नागरिकाचा हक्क आहे, आणि कानाशी पाऊस लावून घेतला म्हणून तो सोडून द्यायचे कारण नाही.

आतापर्यंत आपण पावसाला निव्वळ ध्वनी मानले. पण माणसासाठी त्याला अर्थही असतो. ब्रायटन येथील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जाग्या माणसांना निसर्गातले आवाज ऐकवल्यावर त्यांचे लक्ष स्वतःच्या विचारांत गुरफटण्याऐवजी बाहेर वळलेले दिसले आणि शरीर विश्रांतीच्या स्थितीकडे झुकले. ज्यांच्यावर आधी ताण अधिक होता त्यांना फायदाही अधिक झाला. अंथरुणावर पडल्यावर उद्याची कामे आणि कालची भांडणे डोक्यात घोळू लागतात, तेव्हा लक्षाला टेकायला जागा मिळणे हा उसळी बुडवण्याइतकाच मोठा उपयोग आहे. मात्र हा अर्थ प्रत्येकासाठी सारखा नसतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; ती रात्र ज्यांनी गळाभर पाण्यात काढली, २०१९ साली सांगली-कोल्हापुरात किंवा जुलै २०२१ मध्ये चिपळूणला ज्यांनी दारातून आत शिरणारे पाणी पाहिले, डोंगराच्या कुशीत ज्यांची घरे आहेत, त्यांच्या मेंदूने संततधारेचा अर्थ वेगळा लावला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. अशा माणसाला ‘पाऊस लाव, छान झोप लागेल’ असा सल्ला देऊ नये. त्याच्यासाठी पंख्याची घरघर किंवा लाटांचा दूरचा आवाज अधिक योग्य ठरेल.

संशोधनाचा एकूण निर्वाळा काय आहे, याबाबत जाहिराती आणि वास्तव यांत बरेच अंतर आहे. सतत चालणाऱ्या आवाजाचा झोपेसाठी वापर करण्याविषयीच्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ साली प्रसिद्ध झाला, आणि उपलब्ध पुराव्याचा दर्जा फार कमी असल्याचा निष्कर्ष त्याच्या लेखकांनी काढला. काही अभ्यासांत झोप सुधारली, काहींत काहीच फरक पडला नाही आणि काहींत ती बिघडली. पिंक नॉइजमुळे गाढ झोप आणि स्मरणशक्ती वाढते, अशा बातम्यांचा आधार वेगळ्याच प्रयोगांत आहे. त्यांपैकी २०१७ सालच्या एका प्रयोगात ६० ते ८४ वर्षे वयाच्या १३ जणांच्या मेंदूतील मंद लहरी यंत्राने टिपून, नेमक्या लहरीच्या क्षणी आवाजाचे अत्यल्प ठिपके दिले होते. रात्रभर मोबाइलवर वाजणाऱ्या आवाजाशी त्याचा संबंध जोडणे म्हणजे डॉक्टरांनी मोजून दिलेल्या औषधाची तुलना पिंपभर काढ्याशी करण्यासारखे आहे. माझे मत असे की रस्त्याकाठच्या, चाळीतल्या किंवा पातळ भिंतींच्या घरात पावसाचा आवाज मदत करण्याची शक्यता चांगली आहे, तर मुळातच शांत असलेल्या खोलीत तो लावणे म्हणजे शांततेत विनाकारण भर घालणे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ सालच्या मार्गदर्शनात शयनकक्षातील सततच्या आवाजासाठी ३० डेसिबलची पातळी सुचवली होती, आणि ती गाठणारी खोली मिळाली असेल तर तिला तशीच राहू द्यावे.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत अधिक सावध राहायला हवे. नवजात बालकांवर व्हाइट नॉइजचा परिणाम होतो, यात शंका नाही. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा आवाज ऐकवलेल्या बाळांपैकी ८० टक्के पाच मिनिटांत झोपली, तर न ऐकवलेल्यांपैकी २५ टक्केच झोपली. पण २०१४ साली बाळांसाठी विकल्या जाणाऱ्या १४ ध्वनियंत्रांची तपासणी झाली, तेव्हा पूर्ण आवाजात ३० सेंटिमीटर अंतरावर ती सर्वच ५० डेसिबलच्या वर गेली आणि त्यांतील तीन ८५ डेसिबलच्याही वर होती. पाळण्याच्या दांडीला मोबाइल बांधून पाऊस लावण्याची पद्धत म्हणूनच धोक्याची आहे. यंत्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावे, आवाज कमीत कमी असावा आणि बाळ झोपले की तो बंद करावा.

मोठ्यांनीही अंतराचा नियम पाळावा. उशाशी ठेवलेल्या मोबाइलचा बारीक स्पीकर खर्ज वाजवूच शकत नाही, त्यामुळे पावसाचा मऊ भाग गळून पडतो आणि उरलेला आवाज कढईत भजी तळल्यासारखा चुरचुरतो. ‘मला पावसाचा आवाज मानवत नाही’ असे म्हणणाऱ्या अनेकांनी खरे तर पाऊस ऐकलेलाच नसतो. त्यापेक्षा जरा मोठा स्पीकर खिडकीच्या किंवा दाराच्या बाजूला, म्हणजे त्रासाचा आवाज जिकडून येतो तिकडे, ठेवावा आणि शेजारच्याशी हळू आवाजात बोललेले स्पष्ट ऐकू येईल इतकाच पाऊस असू द्यावा. घरात आजारी माणूस असेल किंवा रात्री कोणी हाक मारण्याची शक्यता असेल, तर हाक ऐकू येते ना हे आधी तपासून घ्यावे. इअरफोन घालून झोपणे शक्यतो टाळावे; कुशीवर वळले की ते कानाला रुततात, आणि आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात बंद, घामट कानात बुरशीचा संसर्ग होणे ही कानाच्या डॉक्टरांकडची नेहमीची तक्रार आहे.

ध्वनिफीत निवडताना तिची लांबी पाहावी. एक-दोन मिनिटांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणारे पुष्कळ ध्वनिमुद्रण उपलब्ध असते, आणि मेंदू पुनरावृत्ती पकडण्यात तरबेज आहे. निव्वळ खरखरीचा तोच तुकडा काही वेळा ऐकवला तर लोक तो ओळखू लागतात, हे २०१० साली एका प्रयोगात दिसून आले आहे. एकदा का ‘आता तो पक्षी ओरडणार’ हे कळले की पुढच्या थेंबाची वाट पाहणे पुन्हा सुरू होते. टायमर लावायचा असेल तर आवाज हळूहळू विरत जाईल असा लावावा, कारण अचानक पडलेली शांतता हाही मेंदूच्या लेखी बदलच असतो. पहाटेची साखरझोप दूधवाल्यांच्या आणि कचरागाडीच्या आवाजाने मोडत असेल, तर टायमरचा उपयोग नाही; तेथे रात्रभर मंद आवाज ठेवणेच योग्य.

आषाढातल्या रात्री इतकी चांगली झोप का लागते, याचे श्रेय आपण एकट्या आवाजाला देतो, तेही तपासायला हवे. झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे खाली यावे लागते, आणि पावसाळी हवेतला गारवा त्याला मदत करतो. रस्त्यावरची वर्दळ कमी होते, आकाश भरून आल्याने अंधार गडद होतो, आणि बाहेर पडायचे नाही हे ठरून गेलेले असते. ध्वनिफितीत यांतले काहीच येत नाही. मे महिन्यात उकडणाऱ्या खोलीत पाऊस लावून झोप येत नसेल, तर दोष पावसाचा नाही. आणि आठवड्यातून तीन-चार रात्री, सलग तीन महिने झोप लागत नसेल किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर डॉक्टरांना भेटावे. तो प्रश्न आवाजाने सुटणारा नाही.

उरली ती बादली. गळती दुरुस्त करायला पाऊस उघडण्याची वाट पाहावी लागते, पण त्या रात्रीपुरता उपाय केंब्रिजच्या त्याच प्रयोगात सापडला आहे. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थोडे थेंब टाकले की पृष्ठताण बदलतो, बुडबुडा अडकत नाही आणि ‘टप्’ बंद होते. साबण हाताशी नसेल तर बादलीच्या काठावरून आत एक जुने फडके सोडून ठेवावे. थेंब त्यावर पडून निमूटपणे खाली उतरतो, आणि वर छपरावर चाललेला पाऊस तेवढा ऐकू येत राहतो.